मार्चअखेरचा माल आणि माझ्या नावचे शेअर

मी, उमाशंकर गुरुबसप्पा मळगे, वय एकाहत्तर, धंदा बी-बियाणे, खते व औषधांची दुकानदारी, मूळ गाव देवणी, जिल्हा लातूर, हल्ली मुक्काम नांदेड, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकण्याचा प्रयत्न झाला, तो पुण्याहून फोनवर झाला, आणि त्याचा तपशील पाचव्या कलमात येईल. माझे डोके ठिकाणावर आहे असा डॉ. शेषेराव पवळे यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर सही करता करता डॉक्टरांनी मला विचारले की सध्या कोणता शेअर घेण्यासारखा आहे. म्हणजे माझ्या डोक्यावर त्यांचा मनापासून विश्वास आहे. त्यांच्या डोक्याचा दाखला कोणी द्यायचा, हा प्रश्न या मृत्युपत्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

कलम पहिले. यापूर्वी सन २०१९ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द समजावे. त्यात असे वाक्य होते की, ‘माझा मुलगा चि. अमरनाथ हा शेअर बाजाराचा जाणकार असल्याने माझी सर्व मालमत्ता त्याने आपल्या विचाराने गुंतवावी.’ ते लिहिताना माझी बुद्धी शाबूत होती, माहिती अपुरी होती.

नवे मृत्युपत्र करण्याचे कारण एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटापर्यंत ताटकळावे लागणार नाही. नव्या मोंढ्यातले, म्हणजे शेतमालाच्या बाजारपेठेतले, माझे दुकान विकून त्या पैशाचे शेअर घ्यावेत असे अमरनाथचे म्हणणे आहे. ते दुकान गेली नऊ वर्षे माझी मुलगी अक्षरा चालवते. माझ्यामागे ते चालेल की विकले जाईल, हे या कागदावर ठरायचे आहे. बाकीची कलमे रीत म्हणून आहेत, आणि काही माझ्या समाधानासाठी.

कलम दुसरे. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला बसवून माती द्यावी. विधी जंगमांनी सांगितल्याप्रमाणे व्हावेत, पुण्याहून आलेल्यांनी सांगितल्याप्रमाणे नव्हे. गळ्यातले इष्टलिंग माझ्याबरोबर जाईल. त्याला नॉमिनी लागत नाही. चौकात फ्लेक्स लावू नये. लावलेच, तर ते कोणत्याही औषध कंपनीच्या खर्चाने नसावे. मोंढ्यातल्या एका दुकानदाराच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर खाली बुरशीनाशकाची बाटली छापलेली मी पाहिली आहे. बाटलीचा फोटो मयताच्या फोटोपेक्षा मोठा होता आणि अधिक स्पष्ट आला होता.

कलम तिसरे. लातूरचे घर मी पत्नी सौ. बसम्मा हिला देतो. ते तिने ठेवावे, विकावे किंवा भाड्याने द्यावे. नांदेडचे पाणी आपल्याला मानवत नाही, अशी तिची लग्नापासूनची तक्रार आहे. लातूरला पाणीच नसते हे तिला सांगून उपयोग होत नाही. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याही उन्हाळ्यात ती माहेरी जाऊन आली आणि पाणी गोड होते म्हणाली. ते मिरजेचे होते.

तिच्याबद्दल आणखी एक नोंद. शेअर म्हणजे जुगार, असे बसम्माचे ठाम मत आहे. तरीही रोज संध्याकाळी पूजा आटोपली की ती विचारते, “आज किती?” वर गेला असेल तर तो ‘आपला’ शेअर असतो. खाली आला असेल तर ती म्हणते, “तुमचा पडला म्हणे.” हे वर्गीकरण मी इतकी वर्षे चालवून घेतले, ते पुढेही चालू ठेवायला माझी हरकत नाही.

कलम चौथे. माझ्या डीमॅट खात्यात अकरा कंपन्यांचे शेअर आहेत. त्यांची नावे व संख्या सोबतच्या यादीत आहेत. ते मी कसे निवडले हे इथे लिहितो, कारण माझ्यामागे कोणीतरी नातेवाईक नक्की सांगत फिरेल की म्हाताऱ्याला आतली बातमी मिळत होती. आतली बातमी मला मिळाली असती तर मी ती आधी बसम्माला सांगितली असती, आणि मग ती आतली राहिली नसती.

माझी पद्धत काउंटरमागे उभे राहण्याची आहे. गिऱ्हाईक दुकानात येते आणि कंपनीचे नाव घेऊन औषध मागते. ते नसेल, तर मी तसलेच दुसरे, वीस रुपयांनी स्वस्त, पुढे करतो. बहुतेक लोक ते घेतात. पण एखादी कंपनी अशी असते की तिचे औषध मागणारा माणूस स्वस्त बाटलीकडे बघतही नाही. मान हलवतो, पायरी उतरतो आणि शेजारच्या दुकानात जातो. गिऱ्हाईक गेले म्हणून मला वाईट वाटते, आणि घरी जाऊन मी त्या कंपनीचे वार्षिक अहवाल मागवतो. पुढची गोष्ट, बी उगवले नाही अशी तक्रार झाली की कंपनीचा माणूस बांधावर येतो की फोन बंद करतो, ते पाहायचे. एका कंपनीचा माणूस कंधारच्या पुढे भर चिखलात मोटारसायकल ढकलत गेला, शिव्या खाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी बी बदलून दिले. तिचे शेअर माझ्याकडे सतरा वर्षे आहेत. आणि एवढे सगळे जुळले तरी लगेच घ्यायचे नाही, भाव बघायचा. चांगली कंपनी आणि चांगला भाव एकाच दिवशी दुकानात येत नाहीत. मध्ये दोन-दोन वर्षे जातात. तेवढ्या वेळात माणसाने दुकान चालवावे.

बँकांचे मला कळत नाही, म्हणून एकाही बँकेचा शेअर माझ्याकडे नाही. मुदत ठेव कळते, ती आहे.

माझ्या या पद्धतीला अमरनाथ ‘अ‍ॅनेक्डोटल’ म्हणतो. मी शब्दकोश उघडला नाही. त्याच्या तोंडाकडे बघून अर्थ कळला.

कलम पाचवे. चि. अमरनाथ, वय एकोणचाळीस, हा पुण्यात एका दलाली पेढीत कंपन्यांचा अभ्यास करतो आणि कोणता शेअर घ्यावा याचे अहवाल लिहितो. अहवाल देखणे असतात. त्यात रंगीत आलेख असतात आणि पुढच्या तीन वर्षांचा नफा पैशापर्यंत काढलेला असतो. मला पुढच्या तीन महिन्यांचा पाऊस सांगता येत नाही, म्हणून मी अशा लोकांना वचकून असतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेले असते की वरील मजकुरावर विसंबून कोणी काही केल्यास पेढी जबाबदार नाही. आजवर त्याच्या सगळ्या अहवालांत मला बिनशर्त पटलेला मजकूर तेवढाच.

सन २०२३ च्या मार्चअखेरीस शिवारतेज क्रॉप सायन्सेस या कंपनीचा माणूस व्यंकट दुकानापुढे छोटा हत्ती घेऊन उभा राहिला. गाडी खोक्यांनी भरलेली होती.

“शेट, तेवढं गोदामात ठेवून घ्या.”

“काय हाय?”

“तेजामृत. टॉनिक हाय, पिकावर मारायचं.”

“मार्चमध्ये रानात पीक कुठं हाय रे?”

“पीक नसू द्या. टार्गेट हाय ना. बिल मार्चचं करतो, पैसे जूनला द्या. न्हाई खपलं तर मीच उचलून नेतो.”

“नेणारच हाईस तर आणून कशाला राहिलास?”

“शेट, तुमच्यापासून काय लपवायचं. माझ्या प्रमोशनचा मसला हाय.”

मोंढ्यातल्या कोणत्याही दुकानदाराला हे नवे नाही. वर्ष संपायच्या आत विक्री मोठी दिसावी म्हणून कंपन्या दुकानदारांच्या गळ्यात माल टाकतात. कंपनीच्या हिशेबात तो माल विकलेला असतो आणि आमच्या गोदामात तो पडलेला असतो. एकच खोके एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याचा हा चमत्कार दर मार्चला होतो आणि त्यासाठी कोणी नारळ फोडत नाही.

एप्रिलमध्ये अमरनाथचा अक्षराला फोन आला. मी शेजारी बसलो होतो.

“अक्षू, शिवारतेजचा माल येतोय का गं दुकानात?”

“लई येऊन राहिला दादा. ठेवायला जागा न्हाई.”

“गुड, गुड,” म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात त्याचा अहवाल आला. त्यात लिहिले होते, ‘नांदेड-लातूर पट्ट्यातील विक्रेत्यांशी आम्ही प्रत्यक्ष बोललो. मालाची आवक प्रचंड असून विक्रेत्यांची साठवणूक क्षमता अपुरी पडत आहे.’ यातला शब्दन् शब्द खरा होता. माल येतोय का, एवढेच त्याने विचारले होते. जातोय का, हे विचारले असते तर अर्धे मिनिट जास्त लागले असते.

कंपनीचा निकाल लागला, मराठवाड्यातली विक्री भरघोस वाढल्याचे जाहीर झाले आणि शेअर उसळला. अमरनाथने स्वतः घेतले, सासऱ्यांना घ्यायला लावले, दोन मित्रांना घ्यायला लावले. मग सुट्टीला नांदेडला आला. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बसण्यासारखी थंड जागा म्हणजे दुकानामागचे गोदाम. मी चहा घेऊन गेलो तर हा खोक्यांच्या थप्पीवर बसून कोणाला तरी फोनवर सांगत होता, “डिमांड एकदम स्ट्राँग आहे सर. मी स्वतः आत्ता ग्राउंडवरच आहे.”

फोन संपेपर्यंत मी थांबलो.

“अमर, उठ जरा.”

“काय झालं अप्पा?”

“बसलास कशावर, ते वाच.”

त्याने वाकून वाचले. तेजामृत. शिवारतेज क्रॉप सायन्सेस.

“नवीन स्टॉक आला वाटतं,” तो म्हणाला.

“मार्चचा हाय. एक खोकं फुटलं न्हाई. तुझी जी डिमांड हाय ना, तिच्यावर बसून तू चहा पिऊन राहिलास.”

“अप्पा, एका दुकानावरून कंपनी ठरत नसते. सॅम्पल फार लहान आहे.”

तेव्हा मी त्याच्यासमोर, सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावून, भोकर, कंधार आणि अहमदपूरच्या दुकानदारांना विचारले. तिघांकडे तेच. कंधारवाला तर म्हणाला, “तुमच्याकडं जागा आसंल तर माझी बी खोकी ठेवून घ्या की.”

“विक्रेत्यांचा चॅनल चेक असा होत नाही अप्पा,” अमरनाथ म्हणाला. “ह्या गप्पा आहेत.”

त्याच आठवड्यात शेअर आणखी वर गेला. बाजाराने त्याची बाजू घेतल्यामुळे मला गप्प बसावे लागले. बसम्मा म्हणाली, “लेकराचं कौतुक करायचं सोडून खोकी काय मोजता?” त्या दिवशी तो आपला शेअर होता.

जूनमध्ये माल न्यायला व्यंकट आला नाही. त्याला बढती मिळाली होती, आणि बढती मिळालेला माणूस खोकी उचलत नाही. पुढच्या वर्षी दुकानदारांनी नवा माल घ्यायला नकार दिला, जुना परत पाठवायला सुरुवात केली, आणि कंपनीने ‘मागणीत तात्पुरती घट’ झाल्याचे कळवले. शेअर पाव भावावर आला. यावर अमरनाथचे म्हणणे असे की आता तर घेतलाच पाहिजे. वर जात होता तेव्हा घ्यायचा, कारण तो वर जातो आहे. खाली आला तेव्हा घ्यायचा, कारण तो स्वस्त झाला आहे. अशा शेअरला न घेण्याचे कारण पुण्यात कोणाला सापडत नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला, त्यालाच मी वर दाब म्हटले आहे.

“अप्पा, मोंढ्यातला गाळा डेड अ‍ॅसेट आहे. आत्ता विकला आणि मी इथं पडत्या भावात शिवारतेज आणखी घेऊन अ‍ॅव्हरेज केलं तर दोन वर्षांत दुप्पट होतील.”

“अन् अक्षरा?”

“तिचं सासर आहे ना. तिला काय कमी आहे?”

“तिच्या दुकानाचं विचारतोय मी.”

“दुकान तुमचं आहे अप्पा,” तो म्हणाला.

कायद्याने ते बरोबर होते. त्यानंतर मी वकिलाकडे गेलो.

सबब, गोदामात अजून पडून असलेली तेजामृताची सर्व खोकी, मुदत संपलेली असली तरी, मी चि. अमरनाथला देतो. शेअर त्यांच्या विक्रीवर घेतले होते, तेव्हा माल त्याच्याच ताब्यात असलेला बरा. ती त्याने स्वखर्चाने न्यावीत.

चौथ्या कलमातले शेअरही मी निम्मे बसम्माला आणि निम्मे अमरनाथला देतो. हे वाचून काही जणांना आश्चर्य वाटेल. तो लबाड नाही. दुसऱ्यांना घ्या म्हणाला तेव्हा त्याने स्वतःचेही पैसे त्यात घातले होते, आणि हे बऱ्याच जाणकारांबद्दल म्हणता येत नाही. माझी अट एवढीच की कोणताही शेअर घेण्याआधी त्याने एका दुकानात जाऊन तासभर उभे राहावे, आणि तोंड उघडू नये. अशी अट कायद्याने बंधनकारक होत नाही, असे वकील म्हणाले. अमरनाथवर बंधनकारक असे मला आजवर काहीच सापडलेले नाही, त्यामुळे फरक पडत नाही.

कलम सहावे. माझे मित्र किशनराव कोंढेकर, राहणार भोकर, यांना मी काहीही देत नाही. त्याचे कारण पुढे आहे. आधी त्यांच्या शेअर निवडण्याच्या पद्धतीची नोंद करतो, कारण ती लोप पावू नये.

किशनराव फक्त दहा रुपयांच्या आतले शेअर घेतात. “हजाराच्या शेअरात काय हाय?” ते मला म्हणतात. “हजारात एक येतो. हा चारचा बघ, अडीचशे येतात. वाढला की अडीचशे जागी वाढंल.”

“अरे, कंपनी तेवढीच असती,” मी एकदा समजावले. “एका भाकरीचे चार तुकडे कर का चाळीस कर, पोट तेवढंच भरतंय.”

“चाळीस तुकडे जास्त वेळ पुरतेत,” किशनराव म्हणाले.

यातली एक कंपनी हैदराबादची होती. लेकीकडे गेले असता त्यांनी मुद्दाम तिचा पत्ता शोधून काढला. त्या जागी लेडीज टेलर बसला होता. त्याने किशनरावांना विचारले की ब्लाऊज कोणाचे शिवायचे आहे.

“मग विकलास का शेअर?” मी विचारले.

“न्हाई. ऑफिस हलवलं आसंल. जागा लहान पडली आसंल.”

किशनरावांचा माझ्या राजदूत मोटारसायकलीवर वीस वर्षे डोळा आहे. ती त्यांना देण्याचा माझाही विचार होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये असा वकिलांनी सल्ला दिला, म्हणून मी किशनरावांना साक्षीदार केले. मोटारसायकल जावयांना द्यावी. ते सिंचन खात्यात आहेत, शेअरबद्दल त्यांना मत नाही, आणि एवढ्या एका गुणावर मी त्यांना याहून मोठे काही द्यायला हवे होते.

कलम सातवे. शिवारतेजचे टार्गेट पूर्ण केल्याबद्दल माझ्या नावाने बँकॉकच्या सहलीचे पत्र, एक टोपी आणि चाकांची बॅग आली होती. मी गेलो नाही. न विकलेल्या मालाबद्दल माणसाला परदेशी नेतात, तर विकला असता तर कुठे नेले असते, या विचाराने मला भीती वाटली. टोपी आणि बॅग व्यंकटला परत करावी. पत्र अमरनाथने ठेवावे. पुढच्या अहवालात विक्रेत्यांच्या उत्साहाचा पुरावा म्हणून जोडता येईल.

कलम आठवे. हे कलम मी दोनदा लिहिले; वरची कलमे पहिल्या मसुद्यातली आहेत. पहिल्यांदा ते असे होते: ‘नवा मोंढा, नांदेड येथील गाळा, त्यामागील गोदाम व मळगे कृषी सेवा केंद्र हे दुकान माझ्या मृत्यूनंतर कन्या सौ. अक्षरा हिला मिळावे.’ मसुदा दुकानातल्या संगणकावर होता. मार्चच्या मध्यावर एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, अक्षराने तो वाचला. मला वाटले होते, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती हातातली बिले खाली ठेवून माझ्यासमोर येऊन बसली.

“अप्पा, हे ‘माझ्या मृत्यूनंतर’ म्हणजे कधी?”

“ते माझ्या हातात हाय का बाई?”

“मग तवर मी काय?”

“हाईस तशीच की.”

“हाय तशी म्हणजे कशी, सांगते. औषधं विकायला कृषीची पदवी लागते, म्हणून भिंतीवर माझं सर्टिफिकेट. पाटीवर नाव तुमचं. माल मी मागवते, उधारी मी वसूल करते, अन् कंपनीचा माणूस आला की माझ्या डोक्यावरून तुम्हाला विचारतो, शेट, ठेवून घेता का. उद्या दादा म्हणला दुकान अप्पांचं हाय, तर मी कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?”

“म्हणून तर लिहून ठेवलं की.”

“दादा स्टे आणंल. मृत्युपत्रावर भांडायला तुम्ही मेलेले लागता, ते सोपं हाय. बक्षीसपत्र केलं तर जित्या बापाशी भांडावं लागंल. ते त्याला जमायचं न्हाई.”

मी वकिलाची फी मोजून जे ऐकले होते, त्याहून हे नेटके होते. तरी मी म्हणालो, “बघू, सवडीनं करू.”

तेव्हा ती जरा हळू बोलली. “अप्पा, द्यायचं आसंल तर आत्ता द्या. न्हाईतर न्हाई म्हणून सांगा, मी नोकरी बघते. पण मला तुमच्या मरणाची वाट बघत बसवू नका.”

शेअर निवडताना मी दोन-दोन वर्षे थांबत आलो, याचा मला अभिमान होता आणि आहे. पण माणसाच्या बाबतीत तसे थांबणे म्हणजे काय, याचा विचार करण्याची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. तेवढ्यात समोर गिऱ्हाईक येऊन उभे राहिले आणि ती उठून गेली. मी वकिलांना फोन लावला.

सोमवार, दिनांक २४ मार्च रोजी गाळा, गोदाम व दुकान यांचे, तेजामृताची खोकी वगळून, बक्षीसपत्र अक्षराच्या नावे नोंदवले. परवाना तिच्या नावावर करण्याचा अर्ज दिला. त्याच शुक्रवारी व्यंकट आला. आता तो चारचाकीतून येतो आणि छोटा हत्ती मागून येतो. त्याने सवयीने माझ्याकडे बघितले. मी अक्षराकडे बोट केले. तिने खोकी गाडीतून खाली उतरू दिली नाहीत. माझ्या हयातीत मार्च महिन्यात गोदामाचे दार बंद राहिल्याचे मी प्रथमच पाहिले.

बसम्माने ही बातमी पुण्याला कळवली. पाडव्याच्या दिवशी अमरनाथचा फोन आला.

“अप्पा, जिवंतपणी कशाला देऊन टाकलं?”

“मेल्यावर सही करता येत न्हाई म्हणून.”

“मला एकदा विचारायचं तरी.”

“विचारलं आसतं तर तू अहवाल लिहिला आसतास.”

तो आता फोन ठेवेल असे मला वाटले. पण तो म्हणाला, “अप्पा, ते शिवारतेजचे शेअर आता ठेवू का विकू?”

एकोणचाळीस वर्षांत त्याने मला शेअरबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर माझ्या जिभेवर होते. ते मी गिळले आणि म्हणालो, “मला काय विचारतोस. माल काय जाऊन राहिला, काय पडून राहिला, ते मालकिणीला ठाव. देतो तिला.”

फोन अक्षराच्या हातात दिला. ती तो घेऊन गोदामात गेली आणि जाताना मला काउंटर सांभाळायला सांगून गेली. दोघे पुष्कळ वेळ बोलत होते. मध्ये एकदा तिचे हसणे ऐकू आले, एकदा ती चिडलेली ऐकू आली. तेवढ्या वेळात मी तिघा गिऱ्हाइकांना औषध दिले आणि पैसे तिच्या गल्ल्यात टाकले. त्यांचे काय ठरले, ते मला सांगण्यात आलेले नाही. सांगावे असा आग्रह धरण्याचा हक्कही मला उरलेला नाही, कारण गाळा, गोदाम व दुकान यांपैकी काहीही आज माझ्या मालकीचे नाही आणि जे माझे नाही ते मला कोणाला देता येत नाही. सबब, कलम आठवे निरंक.

वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, स्वतः वाचला व तो मला मान्य आहे. येथे दोघा साक्षीदारांसमोर सही केली आहे. त्या दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

लिहून ठेवणार: उमाशंकर गुरुबसप्पा मळगे (सही)

साक्षीदार १: किशनराव मारोतराव कोंढेकर, रा. भोकर (सही). कलम सहावे वाचले. टेलरबद्दलचा मजकूर खरा आहे. मोटारसायकलीबद्दल नापसंती नोंदवून सही केली.

साक्षीदार २: डॉ. शेषेराव पवळे, रा. नांदेड (सही). लिहून ठेवणार यांना सही करताना पूर्ण शुद्धीत पाहिले. शेअरचे नाव त्यांनी अखेरपर्यंत सांगितले नाही.

स्थळ: नांदेड
दिनांक: २ एप्रिल २०२५